मानीव प्रस्थान

ब्रह्माघाटावरचे तीर्थपुरोहित यज्ञेश्वर गुरुजी यांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी परदेशी जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यांच्या मुलीने, देवश्रीने, हॉलंडहून फोन करून ठरवलं आणि गुरुजी ‘बरं’ म्हणाले. नात कस्तुरी सातव्या महिन्यात पदार्पण करणार होती. तिचं उष्टावण दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी योजलं होतं आणि पहिला घास आजोबांनीच भरवायचा, असा देवश्रीचा हट्ट होता.

"तुम्ही अन् आई दोघं या बाबा," ती म्हणाली. "सव्वीस सप्टेंबरला दिल्लीला व्हिसाच्या ऑफिसात जायचं, पासपोर्ट द्यायचा, बस. तारीख मी घेऊन ठेवलीय. बाकी काहीच करायचं नाही."

शेवटच्या वाक्याने गुरुजी अस्वस्थ झाले. बाकी काहीच करायचं नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. गेली एक्केचाळीस वर्षं ते काशीला आलेल्या मराठी यात्रेकरूंना काय काय करायचं तेच सांगत आले होते. चपला कुठे काढाव्यात, नाववाल्यासमोर आपसात मराठीत कुजबुजू नये, माकड दिसलं की चष्मा कुठे लपवावा, पावसाळ्यानंतर कुठल्या पायरीवर शेवाळ असतं, हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. सल्ला न घेता परगावी पाय ठेवणाऱ्या माणसाचं काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचं काही होत नसे, तो दर्शन घेऊन सुखरूप घरी जात असे, पण गुरुजींच्या मते ते अपवाद होते. स्वतः गुरुजी पश्चिमेला प्रयागाच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

त्यांच्या पत्नीने, प्रभावतीबाईंनी, त्याच संध्याकाळी कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढले, मुदत पाहिली, ते देवघराच्या फडताळात ठेवले आणि त्या भाजी निवडायला बसल्या. त्यांच्या दृष्टीने तयारी झाली होती. गुरुजी मात्र उपरणं खांद्यावर टाकून रामघाटावर श्रीरामपंतांकडे गेले.

श्रीरामपंत एका सरकारी दफ्तरातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. दफ्तर त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. घरात चहा करायचा असला तरी ते आधी विषय, मग संदर्भ आणि मग साखर सांगत. त्यांनी गुरुजींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"एकट्याने निर्णय घेऊ नका गुरुजी," ते म्हणाले. "एकट्याने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी एकट्यावर येते."

तीन दिवसांत ‘परदेशगमन मार्गदर्शन मंडळ, काशी (ब्रह्माघाट-रामघाट विभाग)’ स्थापन झालं. अध्यक्षपद श्रीरामपंतांकडे आलं, कारण ते पंचवीस वर्षांपूर्वी बसने नेपाळला जाऊन आले होते. सीमेवर त्यांना कोणी एकही कागद विचारला नव्हता आणि ती जखम अजून ओली होती. मुहूर्त विभाग शिवराम जोशींकडे सोपवण्यात आला. तांत्रिक सल्लागार म्हणून कुणालची नेमणूक झाली. हा चौतीस वर्षांचा गृहस्थ मोबाइलवर ‘पहली विदेश यात्रा, ये सात गलतियाँ मत करना’ अशा धर्तीच्या चित्रफिती बनवत असे आणि त्या लाखभर लोक पाहत. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. कोणी विचारलंच तर तो म्हणे, "डॉक्टरला थोडीच बीमार पडावं लागतं काका?"

अनुभवी व्यक्तीचं मत घ्यावं म्हणून पहिल्या बैठकीला संकठा घाटाजवळ खोली घेऊन संस्कृत शिकणाऱ्या एका डच बाईंना बोलावण्यात आलं. त्या बाई अकरा वर्षांपूर्वी एक झोला खांद्याला अडकवून काशीत आल्या होत्या, त्या अजून परत गेल्या नव्हत्या. हॉलंडला जाताना काय काळजी घ्यावी असं विचारताच त्यांनी बराच विचार केला आणि त्या म्हणाल्या, "गुरुजी, स्वेटर रखिए और चले जाइए." मंडळाने त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर त्यांची साक्ष एकमताने फेटाळली. श्रीरामपंतांनी कारण नोंदवलं ते असं: ‘सदर बाईंचा जन्मच हॉलंडमध्ये झालेला असल्याने त्यांना परदेशी जाण्याचा अनुभव असल्याचे दिसून येत नाही.’

त्यानंतर परिपत्रक क्रमांक एकचं काम सुरू झालं. काशीचे घाट चौऱ्याऐंशी, तेव्हा सूचनाही चौऱ्याऐंशीच असाव्यात असा ठराव आधी झाला आणि सूचना मागाहून शोधण्यात आल्या. प्रत्येक कागदाच्या तीन छायाप्रती काढाव्यात. छायाप्रती हरवल्यास म्हणून छायाप्रतींच्या छायाप्रती काढाव्यात. त्या कुठे ठेवल्या आहेत याची एक यादी करावी आणि ती यादी कुठे ठेवली आहे हे पत्नीस सांगावे. पत्नी सोबत असल्यास शेजाऱ्यांस सांगावे. विमानात अनोळखी माणसाशी बोलू नये. विमानात सगळेच अनोळखी असल्यास डोळे मिटून घ्यावेत. असं करत गाडी त्र्याऐंशीवर आली आणि अडली. चौऱ्याऐंशीवी सूचना काही केल्या सुचेना. तिची जागा कोरी ठेवून पुढे ‘विचाराधीन’ असं लिहिण्यात आलं.

सूचना क्रमांक सतराप्रमाणे सराव आवश्यक होता. भाद्रपद लागला होता, गंगा अंगात आल्यासारखी वर चढली होती आणि ब्रह्माघाटाच्या वरच्या आठच पायऱ्या कोरड्या उरल्या होत्या. त्यातली सहावी पायरी हा परदेशी विमानतळ ठरला. गुरुजींनी चाकांची नवी बॅग गल्लीतून ओढत आणली. पहिलं चाक शेणात गेलं आणि दुसरं एका सांडाला आवडलं. तरी ते वेळेवर पोचले. कुणाल काळा चष्मा लावून पायरीवर अधिकारी होऊन बसला होता. तुम्ही कोण, कुठून आलात, कशासाठी आलात, असं त्याने इंग्रजीत दरडावून विचारलं.

एक्केचाळीस वर्षांत गुरुजींना हे तीन प्रश्न रोज पडत आले होते आणि त्यांचं उत्तर त्यांना पाठ होतं. त्यांनी आचमन केलं आणि संकल्प सोडला. ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धापासून सुरुवात करून कल्प, मन्वंतर, युग, द्वीप, खंड, नदीचा तीर, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, गोत्र, प्रवर असं करत ते नातीच्या उष्टावणापर्यंत आले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि त्यांच्यामागे पाण्यात डुंबणारे चार यात्रेकरू हात जोडून उभे राहिले होते. त्यातल्या एकाने दक्षिणाही ठेवली. इतकी संपूर्ण माहिती आजवर कोणत्याही प्रवाशाने कोणत्याही अधिकाऱ्याला दिली नसेल, असं मंडळाचं मत पडलं. गुरुजींना शंभरपैकी शंभर गुण मिळाले.

त्या दिवशी गुरुजी फार आनंदात घरी आले. देवश्रीला फोन करून त्यांनी विमानतळाचा वृत्तांत सांगितला. ती हसली, मग म्हणाली, "बाबा, पण खरंच येताय ना?" गुरुजी म्हणाले, येतोय म्हणजे काय, मंडळ नेमलंय.

आता मुहूर्ताचा प्रश्न उरला होता. शिवराम जोशींनी पंचांग उलटंपालटं केलं आणि कपाळाला हात लावला. सव्वीस सप्टेंबर पितृपक्षात येत होता. पितृपक्षात कोणी नव्या प्रवासाला निघत नाही. त्याच्या आधीचा एकच दिवस पश्चिमेच्या प्रवासाला बरा होता, तो म्हणजे पाच सप्टेंबर. पण तीन आठवडे आधी निघून दिल्लीत गुरुजी करणार काय? खरं तर हॉलंड वायव्येला, परंतु ब्रह्माघाटाच्या वायव्येला ओळखीचं एकही मराठी घर नसल्याने प्रस्तुत कामापुरता हॉलंड पश्चिमेला आहे, असं मंडळाने मान्य केलं. मराठी घर का लागत होतं, त्याचं कारण शिवराम जोशींनी काढलेला तोडगा हे होय. तोडगा जुनाच होता. प्रस्थान ठेवायचं.

ज्यांच्या घरात ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी, अशी पंचाईत झाली की प्रवासाच्या सामानातली एखादी वस्तू तांदूळ-सुपारीबरोबर पुरचुंडीत बांधतात आणि मुहूर्तावर प्रवासाच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. पुरचुंडी निघाली म्हणजे माणूस निघाला. मग तो आपल्या सोयीने चार दिवसांनी जातो, जाताना ती उचलतो. आमच्या पूर्वजांनी दैवालाही हजेरीबुकावर सही करून बाहेर चहाला कसं जायचं ते दाखवून दिलं होतं.

श्रीरामपंत तर हरखूनच गेले. "याला आमच्या दफ्तरात मानीव म्हणतात," ते म्हणाले. "झालेलं नसतं, पण झालं असं मानायचं. मग सगळं नियमात बसतं." परिपत्रकात ‘मानीव प्रस्थान’ असा शब्द लिहिला गेला आणि त्याखाली दोन रेघा ओढण्यात आल्या.

पुरचुंडीत काय ठेवावं यावर चर्चा झाली. पंचा ठेवावा असं गुरुजी म्हणाले. शिवराम जोशींनी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. प्रवासाला ज्यावाचून अडतं ती वस्तू ठेवली तरच ते प्रस्थान, नाहीतर दैवाची दिशाभूल. परदेश प्रवासाला कशावाचून अडतं, हे कुणालने एका शब्दात सांगितलं.

पाच सप्टेंबरला सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी यज्ञेश्वर गुरुजींचा पासपोर्ट पिवळ्या फडक्यात, मूठभर तांदूळ आणि एका सुपारीसह पश्चिमेकडच्या गल्लीत गीतामावशींच्या घरी गेला. गीतामावशींनी त्याला ओवाळलं. प्रभावतीबाईंचा पासपोर्ट फडताळातच राहिला, कारण घरातला कर्ता निघाला की सगळे निघाले असं मानण्याची पद्धत होती आणि मंडळाने बाईंचा वेगळा विचार केला नव्हता.

पाच दिवसांनी शिवराम जोशींना पोथीत एक ओळ सापडली. प्रस्थान एका जागी पाच दिवसच टिकतं. पुढे ते शिळं होतं. शिळं होऊ द्यायचं नसेल तर पुरचुंडी त्याच दिशेने पुढच्या मुक्कामी न्यावी. आणि एकदा निघालेलं प्रस्थान घराकडे वळवलं, तर सगळा प्रवासच बाद. तेव्हा पुरचुंडी कुणाच्या तरी हाती प्रयागला गेली. तिथून कानपूर. तिथून झाशी. हिंदुस्थानात मराठी माणूस जिथे जिथे तलवार घेऊन गेला तिथे तिथे त्याने आपला एकतरी जोशी ठेवून दिला आहे, ही गोष्ट इतिहासात नीट नोंदलेली नाही, पण या कामी फार उपयोगी पडली. प्रत्येक मुक्कामाहून पाटावर ठेवलेल्या, हार घातलेल्या पुरचुंडीचा फोटो येई. कानपूरच्या लोकांनी तिच्यासाठी पुरणपोळी केली. कुणालने ‘बिना यात्री के निकला पासपोर्ट’ अशी चित्रफीत टाकली, ती सव्वाचार लाख लोकांनी पाहिली. गल्लीतून जाताना लोक गुरुजींना थांबवून विचारू लागले, कुठवर आलात? गुरुजी म्हणत, झाशीला. आणि पानवाल्याकडून पान घेऊन घरी जात.

पंचवीस सप्टेंबरला सकाळची दिल्लीची गाडी होती. चोवीस तारखेला प्रभावतीबाईंनी विचारलं, तुमचा पासपोर्ट कधी मागवताय? गुरुजींनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली आणि प्रभावतीबाई पदर खोचून त्या बैठकीला स्वतः गेल्या. त्यांचं म्हणणं सोपं होतं. झाशीमार्गे निघू, तिथे पुरचुंडी उचलू, तिथून दिल्लीला जाऊ. घराकडे काही वळवायचं नाही.

 मंडळाला यात चूक सापडेना. मग श्रीरामपंतांनी चष्मा पुसला.

"वहिनी, व्हिसा लागल्यावर पासपोर्ट परत कसा येतो?"

"कुरिअरने."

"कुठे?"

"घरी. अजून कुठे?"

"म्हणजे पूर्वेला," श्रीरामपंत म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

शिवराम जोशींनी मान डोलावली. पासपोर्ट घरी आला की प्रस्थान मोडलं, प्रस्थान मोडलं की प्रवास बाद. पासपोर्ट न देता व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसा मिळाला की प्रवासाला जाता येत नाही. इतका निर्दोष नियम आपण आयुष्यात पाहिला नाही, असं श्रीरामपंत गहिवरून म्हणाले. गुरुजींसाठी नवी तारीख मागावी आणि दरम्यान एक उपसमिती नेमावी, असं ठरलं.

 दुसऱ्या दिवशी पहाटे प्रभावतीबाईंनी आपला पासपोर्ट पर्समध्ये टाकला. "मी दिल्लीला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." तीन शिट्ट्या होईपर्यंत त्या गल्ली ओलांडून गेल्या होत्या.

त्या दोन दिवसांनी परत आल्या. पंधरवड्याने त्यांचा पासपोर्ट कुरिअरने आला. तो कुठल्या दिशेने आला हे पाहायला कोणी आलं नाही. देवश्रीने गुरुजींसाठी दुसरी तारीख घेतली, मग तिसरी. दोन्ही वेळा उपसमितीचा अहवाल यायचा होता.

तेवीस ऑक्टोबरला प्रभावतीबाई निघाल्या. एक बॅग आणि खांद्याला एक झोला, एवढंच सामान. गुरुजींनी त्यांना त्र्याऐंशी सूचनांचं परिपत्रक दिलं. उष्टावणाची चांदीची वाटी-चमचा गुंडाळायला प्रभावतीबाई कागदच शोधत होत्या. त्यांनी ते परिपत्रक घेतलं, वाटीभोवती दोनदा फिरवलं आणि रबर लावलं.

"अगं, निदान विमानाचं पान तरी वाच," गुरुजी म्हणाले.

प्रभावतीबाईंनी झोला खाली ठेवला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला दुखेल असं क्वचितच काही ऐकवलं होतं.

"अहो, तुम्हाला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मला पण वाटते. दिल्लीच्या स्टेशनावर मी एकच पाटी चारदा वाचली. पण भीती झोल्यात घालून नेता येते, तिचं काही वेगळं तिकीट लागत नाही. तुम्ही तिच्यासाठी मंडळ काढलंत."

 गुरुजींना खरंच भीती वाटत होती. आपण काशीत कोणीतरी आहोत आणि तिथल्या रस्त्यावर एक म्हातारा असू, जावयाने बोट धरून रस्ता ओलांडून द्यावा असा, हे त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मंडळाच्या त्र्याऐंशी सूचनांत त्यावर एकही सूचना नव्हती. ते बायकोला रिक्षापर्यंत पोचवून आले आणि रिकाम्या घरात बराच वेळ काही न करता बसले.

पुरचुंडी तोवर उज्जैन, बडोदा करत द्वारकेला पोचली होती. तिथले सुश्रुत जोशी नावाचे निवृत्त शिक्षक तिची व्यवस्था पाहत होते. पाच दिवस झाल्यावर त्यांचा फोन आला. पुढे समुद्र आहे, काय करू? मंडळ तीन दिवस बसलं. पुरचुंडी होडीत घालून पश्चिमेला न्यावी हे ठीक, पण संध्याकाळी होडी किनाऱ्याला आणावी तर ती पूर्वेला येणार. अखेर होडी समुद्रात नांगरून पुरचुंडी तिच्यातच ठेवावी, असं त्यांना कळवण्यात आलं. सुश्रुत जोशींनी हा आदेश दोनदा वाचला, पुरचुंडी आपल्या कपाटात धोतरांखाली सारली आणि होडीत ठेवल्याचं उलट टपाली कळवलं. मंडळाला अत्यंत समाधान वाटलं. श्रीरामपंतांनी वहीत लिहिलं: होडी, मानीव.

उष्टावणाचा रविवार उजाडला. गंगा उतरली होती, पायऱ्यांवरचा गाळ अर्धा काढून झाला होता आणि नावा पुन्हा लागल्या होत्या. हॉलंडमध्ये सकाळचे अकरा म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. गुरुजींनी स्वतः खीर केली होती. साखर जरा जास्त पडली होती, पण घरात सांगणारं कोणी नव्हतं. पितांबर नेसून, खिरीची वाटी घेऊन ते ब्रह्माघाटाच्या सहाव्या पायरीवर बसले, कारण घरात फोनला रेंज नव्हती. त्यांच्यामागे मंडळ उभं होतं. कुणालने फोन धरला होता.

पडद्यावर देवश्री दिसली, तिच्या मांडीवर झबल्यातली कस्तुरी, आणि शेजारी नव्या स्वेटरमध्ये प्रभावतीबाई. त्यांच्या हातात चांदीची वाटी होती.

"बाबा, पहिला घास तुमचाच ठेवलाय," देवश्री म्हणाली.  "भरवा."

गुरुजींनी मंत्र म्हटला. चमच्यात खीर घेतली आणि हात पुढे केला. पलीकडे कस्तुरीने आजोबांचा मोठा झालेला चेहरा पाहिला, चमचा पाहिला आणि तोंड उघडलं. गुरुजींचा चमचा काचेला टेकला. ते तो तसाच धरून राहिले. खीर पडद्यावरून ओघळली, कस्तुरीच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, उघड्या तोंडावरून, आणि पायरीवर सांडली. कस्तुरीने थोडी वाट पाहिली. मग तिने ओठ मुडपले आणि भोकाड पसरलं. प्रभावतीबाईंनी चटकन तिला चांदीच्या चमच्याने खीर दिली, ती गप्प झाली आणि मचमच करत आणखी मागू लागली. पायरीवरची खीर एका कुत्र्याने चाटून टाकली.

गुरुजींना रडू आलं. घाटावर, लोकांसमोर, पितांबरात, ते ओक्साबोक्शी रडले.

मंडळाला ते आनंदाश्रू वाटले. श्रीरामपंतांनी तिथेच वही उघडली. पासपोर्ट प्रस्थानाने गेलेला आहे, चेहरा फोनने पोचलेला आहे, घास हाताने दिलेला आहे, सबब परदेश दौरा पूर्ण झाला असे मानण्यास हरकत नाही. पुढच्या रविवारी ‘परदेशातून परतल्याबद्दल’ गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. श्रीरामपंतांनी अध्यक्षपदही त्यांच्या गळ्यात घातलं, कारण गुरुजींचा परदेश आता नेपाळपेक्षा लांबचा होता.

प्रभावतीबाई संक्रांतीच्या आधी परत आल्या. येताना त्यांनी नवऱ्यासाठी तसाच एक स्वेटर आणला. मंडळाने त्यांना सन्मानाने बोलावून चौऱ्याऐंशीवी सूचना विचारली. त्या म्हणाल्या, "निघावं." बराच वेळ पुढे काही येईना, तेव्हा त्यांनी खुलासा केला की एवढीच आहे. मंडळाने आभार मानले आणि नोंद केली: ‘बाईंना परदेशाचा अनुभव आहे, मार्गदर्शनाचा नाही.’ त्या रात्री गुरुजींनी कोऱ्या जागेत बारीक अक्षरात तो एकच शब्द लिहून पाहिला. सकाळी एक गृहस्थ दोन नवेकोरे पासपोर्ट हातात घेऊन दारात उभे होते. मुलगा बोलावतोय, म्हणत होते. गुरुजींनी शब्द खोडला आणि त्यांना पाट दिला. बसा, म्हणाले, घाई करू नका.

‘पहिला परदेश प्रवास: चौऱ्याऐंशी उपयुक्त सूचना’ या पुस्तिकेची सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. ती घेऊन कोणी परदेशी गेल्याची एकही तक्रार मंडळाकडे आलेली नाही.

आपणही इथवर वाचलंत ते गुरुजींना हसत हसत, पण मधूनच काही कामाचं सापडतंय का ते पाहत. छायाप्रतींची सूचना आवडली असेल. राग नाही. हे टिपण मंडळाच्या चिटणिसाने लिहिलं आहे, आणि त्याचा भाऊ सिंगापूरहून सहा वर्षं बोलावतो आहे. सिंगापूर पूर्वेला, म्हणून चिटणिसाचा पासपोर्ट पाटण्यामार्गे गेल्या मंगळवारी पुरीला पोचला. पुढे समुद्र आहे. तुमचा कुठवर आलाय?